अडुसष्ट हजारांचा डिप्लोमा की शासनाची टायपिंग परीक्षा?

वाचकाचं पत्र

ताई, मी वणीची. यंदा बारावी कॉमर्स झाले. पप्पांची तीन एकर द्राक्षबाग आहे, पण सलग दोन हंगाम अवकाळीनं हातचे गेले. मला लवकर कमवायला लागायचंय. नाशकात एका संस्थेत ऑफिस मॅनेजमेंट आणि अकाउंटिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी 68 हजार, बॅच 40 जणांची, नोकरीची शंभर टक्के हमी. सोबत बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठातून बी.कॉम.सुद्धा 'करून देऊ' म्हणतात. पाच हजार भरून सीट धरलीय, पहिला हप्ता महिनाअखेरीस भरायचाय. मोठा भाऊ म्हणतो, क्लार्कची कामं आता कॉम्प्युटरच करणार, कशाला पैसे घालतेस. आई म्हणते, साधं टायपिंग शीक. मावशी पंचवटीत राहते, तिच्याकडे राहून शिकता येईल. मी काय करू?

ताईचं उत्तर

पहिला हप्ता भरू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण महिनाअखेर जवळ आली आहे. बाकीचं सवडीनं वाचलंस तरी चालेल.

ऑफिसचं काम शिकून स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हा तुझा विचार मला मनापासून पटला. प्रश्न फक्त कुठे शिकायचं आणि कशाचे पैसे मोजायचे एवढाच आहे. मी बरीच वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती माझ्याच टेबलावर होतात. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली, सोनेरी शिक्क्याची प्रमाणपत्रं मी रोज बघते. ज्या संस्थेनं शिकवलं, तिनंच पेपर काढला, तिनंच तपासला आणि तिनंच 'ए प्लस' दिला, असा कागद समोर आला की त्यावरून समोरच्या मुलीला काय येतं ते मला काहीच कळत नाही. मग मी तो बाजूला ठेवते आणि तिला एक बिल एंटर करायला देते. तुला माझं सांगणं एवढंच आहे: शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, असं जिथे असेल तिथे पैसे घाल.

म्हणून आईचं ऐक. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा, जिला सगळे जीसीसी म्हणतात, ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तुझ्या आईच्या वेळी ती टाइपरायटरवर व्हायची. आता ती संगणकावर होते आणि तिला जीसीसी-टीबीसी म्हणतात. कोर्स सहा महिन्यांचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि प्रत्येक भाषेत मिनिटाला 30 शब्द आणि 40 शब्द अशा दोन पायऱ्या. क्लास पंचवटीतला असो, नाशिकरोडचा असो की दिंडोरीचा, परीक्षा तीच आणि प्रमाणपत्रावर सही परिषदेची. फी काही हजारांत आटोपते. तुझ्या 68 हजारांशी तिची तुलनाच नको.

या कागदाला दारं कोणती उघडतात ते बघ. लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदाला पदवी आणि त्यासोबत मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग लागतं. जिल्हा न्यायालयांच्या कनिष्ठ लिपिक भरतीत तर मराठी 30 आणि इंग्रजी 40 दोन्ही मागतात. नाशकात अशी कार्यालयं काही कमी नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, नाशिकरोडचं विभागीय आयुक्त कार्यालय, आदिवासी विकास आयुक्तालय. वणीहून एसटीनं येताना म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं, तिथेही फायली आणि पत्रव्यवहार सांभाळणारी माणसं लागतातच. सरकारी नोकरी लागेलच असं मी म्हणत नाही. जागा थोड्या, अर्ज अफाट. शिवाय आयोग आता प्रमाणपत्र असूनही संगणकावर वेगळी टंकलेखन चाचणी घेतो, त्यामुळे कसंबसं पास होऊन भागत नाही, हात खरोखरच चालावा लागतो. पण जाहिरात आली की 'प्रमाणपत्र नाही' म्हणून अर्जच करता येत नाही, ही वेळ तुझ्यावर येऊ नये. मी अशा पदवीधर मुली पाहिल्या आहेत. वय निघून जात असतं आणि सहा महिन्यांच्या एका परीक्षेपायी सगळं अडलेलं असतं.

आधी मराठी 30 घे, मग इंग्रजी 40. बहुतेक मुलं उलट करतात, कारण इंग्रजीत कळा कमी आणि सोपं वाटतं. पण मराठीची पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरं यांत बोटं अडखळतात आणि त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ तुझ्याकडे आत्ता आहे, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला नसेल.

सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे जातील हे आत्ताच सांगते. डावी करंगळी ए वर, मग एस, डी, एफ. उजवी करंगळी अर्धविरामाच्या कळेवर, मग एल, के, जे. हेच पानंच्या पानं. कोणत्याही कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीकसा उंचवटा असतो. तर्जनी त्याला लागली की हात जागेवर आहे हे खाली न बघता कळतं. सगळा खेळ त्या न बघण्याचा आहे. डोळे बिलावर आणि बोटं कळांवर असली की माणूस चुका कमी करतो. दर शब्दाला मान खाली घालणारा परत वर बघताना ओळ चुकतो. शंभर बिलांच्या गठ्ठ्यात एक ओळ सुटली, तर संध्याकाळी सगळा स्टाफ तीच ओळ शोधत बसतो. परीक्षेत वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र आणि तक्ताही टाइप करायचा असतो. तिथे जावक क्रमांक कुठे, विषय आणि संदर्भ कुठे, 'प्रत माहितीसाठी' कुठे लिहायचं हे आपोआप हातात बसतं. कित्येक बी.कॉम. झालेल्या मुलांना साधं एक कार्यालयीन पत्र मांडता येत नाही, म्हणून हे सांगते.

आता अकाउंटिंग. तुझ्या संस्थेच्या माहितीपत्रात टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, असणारच. तिथे गेलीस तर एक गोष्ट तपासून बघ. टॅली दोन प्रकारे चालतं. एक लायसन्स घेऊन, दुसरं फुकटच्या एज्युकेशनल मोडमध्ये. या दुसऱ्या प्रकारात महिन्याच्या फक्त 1, 2 आणि 31 तारखेच्याच नोंदी होतात. एखाद्या मुलाला 17 तारखेचं व्हाउचर टाकायला सांग. टॅलीनं तारीख घेतली नाही, तर ती संस्था 68 हजार घेऊन तुला फुकटात मिळणाऱ्या गोष्टीवर शिकवते आहे हे ओळख. ते फुकटचं टॅली तू भावाच्या लॅपटॉपवर घेऊ शकतेस. लेजर, म्हणजे खातं, कसं उघडायचं, परचेस आणि पेमेंटची नोंद कशी करायची, एवढा हात बसायला ते पुरेसं आहे.

खरा हिशोब शिकायला तुझ्याकडे त्याहून चांगली जागा आहे. पप्पांची बाग. एप्रिलच्या खरड छाटणीपासून काढणीपर्यंतचा एक हंगाम धर. कृषी सेवा केंद्राची खतांची आणि औषधांची बिलं, त्यातली उधारी किती आणि फेडली किती, डिझेल, छाटणीची मजुरी, घड द्रावणात बुडवायची, म्हणजे डिपिंगची, मजुरी, व्यापाऱ्यानं दिलेली उचल, शेवटी आलेली विक्रीची पट्टी. प्रत्येकाचं वेगळं खातं उघड, तारखेप्रमाणे नोंदी कर, बँकेचं पासबुक शेजारी ठेवून ताळा घाल. पप्पांनी दिलेला चेक 28 तारखेचा असेल आणि बँकेत तो 4 तारखेला वटला असेल, तर महिनाअखेरीस वही आणि पासबुक जुळणार नाही. का जुळत नाही हे एका कागदावर लिहून काढता आलं की बँक रिकन्सिलिएशन आलं. बारावीच्या पुस्तकात तू ते केलंच आहेस. घरच्या आकड्यांवर केलंस की कायमचं राहील.

ताळा जमला नाही की घाबरायचं नाही, फरक बघायचा. समज 5,630 चं बिल तुझ्या हातून 5,360 पडलं. फरक 270. या फरकाला 9 नं भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमीच 9 नं भाग जातो, त्यामुळे असा फरक दिसला की आधी उलटे आकडे शोधायचे. भाग जात नसेल आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, कारण नावेची रक्कम चुकून जमेला पडली की फरक दुप्पट दिसतो. जुने हेडक्लार्क हे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. आजही ते तितकंच उपयोगी आहे, कारण एक्सेल चुकीचा आकडासुद्धा बिनचूक बेरीज करून दाखवतं. एका हंगामाचा हिशोब असा मांडून, खाली एकरी खर्च काढून, छापून मुलाखतीला नेलास तर माझ्यासारखी बाई तुझा डिप्लोमा विचारणारच नाही.

भावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बिल वाचून नुसती एंटरी मारायची कामं कमी होत चालली आहेत हे मी रोज बघते. बिलाचा फोटो काढला की आकडे आपोआप भरले जातात. म्हणून नुसतं 'टॅली येतं' यावर नोकरी मिळण्याचे दिवस गेले. पण महिना कसा चालतो हे ज्याला कळतं, त्याचं काम अजून माणसाकडेच आहे. टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर, 7 तारखेच्या आत भरायचा. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांचं विक्रीचं विवरण 11 ला. पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, 15 ला. जीएसटीचा भरणा 20 ला. आणि मधे 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर 2बी नावाची यादी येते, तिच्यात आपल्याला माल देणाऱ्यांनी कोणती बिलं दाखवली ते असतं. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यानं दोन लाखांचा माल घेतला आणि पुरवठादारानं ते बिल दाखवलंच नाही, तर त्यावरच्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. मग कोणीतरी फोन करायचा, 'साहेब, तुमचं अमुक नंबरचं बिल 2बीत दिसत नाही' म्हणायचं, त्याची चूक त्याला न दुखावता पटवायची, पुढच्या महिन्यात ते आलं का बघायचं, तोवर त्याचं पेमेंट किती थांबवायचं ते साहेबांना विचारायचं. हे करणारी मुलगी ऑफिसला जपून ठेवावीशी वाटते. हे शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे सीएचं किंवा कर सल्लागाराचं ऑफिस. पहिल्या वर्षी पैसे फार मिळत नाहीत, पण वीस-पंचवीस धंद्यांचे हिशोब एकाच टेबलावरून जातात.

पदवीचं बघू. बी.कॉम. हवंच, कारण वर सांगितलेल्या बहुतेक जागांना पदवी लागते. 'करून देऊ' हा शब्द ऐकला की मात्र उठून यायचं. पदवी द्यायचा अधिकार फक्त विद्यापीठाला असतो, मधल्या कुणाला नाही. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं. आणि मुळात इतक्या लांब जायचंच कशाला? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्या नाशकात, गोवर्धनला गंगापूर धरणाजवळ आहे. मराठीतून बी.कॉम. करता येतं आणि नोकरी करणाऱ्यांसाठीच ते उभं राहिलं आहे. रोज कॉलेजला जाणं जमणार असेल तर रीतसर प्रवेश घे. कॉलेज रोडला बी.वाय.के. आहे, गंगापूर रोडला के.टी.एच.एम., आणि घराजवळचं कॉमर्स कॉलेजही चालेल. मला विचारशील तर जमल्यास रीतसर कॉलेज. सकाळची लेक्चरं, दुपारी टायपिंगचा तास, असं दीड वर्ष केलंस तर दोन्ही भाषांची प्रमाणपत्रं तुझ्या हातात असतील आणि तिसऱ्या वर्षाला अर्धवेळ कामाला लागता येईल.

एक वर्षात काहीतरी हातात हवंच, तीन वर्षं घरी थांबता येणार नाही, अशी परिस्थिती असेल तर सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी कर. स्टेनोग्राफर आणि सेक्रेटरियल असिस्टंट, तसंच कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट, हे एकेक वर्षाचे ट्रेड राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहेत. कुठल्या आयटीआयत कोणता ट्रेड चालू आहे आणि किती जागा आहेत ते प्रवेशाच्या यादीत दिसतं. तिथेही परीक्षा बाहेरची असते. शॉर्टहँड जमलं तर फार मोलाचं आहे. मिनिटाला 80, 100, 120 शब्द अशा वेगांवर लघुटंकलेखक आणि लघुलेखकाच्या जागा असतात आणि तिथे तयार उमेदवार थोडे असतात. पण त्याला चिकाटी लागते. आधी टायपिंगमध्ये मन रमतं का ते बघ.

आता त्या संस्थेबद्दल. मी तिला वाईट म्हणत नाही, पण तिच्याकडून उत्तरं घेतल्याशिवाय एक पैसा देऊ नकोस. डिप्लोमाची परीक्षा कोण घेतं? संस्था स्वतःच घेत असेल तर विषय संपला. 'शंभर टक्के हमी' कागदावर लिहून द्या म्हण. बहुतेक ठिकाणी ती हमी म्हणजे दोन-तीन मुलाखतींना पाठवणं एवढीच निघते. मागच्या बॅचच्या चार-पाच मुलांशी बोलू द्या म्हण, आणि ती मुलं संस्थेत बोलावून नव्हे, तर ती जिथे काम करतात तिथे जाऊन भेट. हप्त्यांचा कागद पप्पांना सही करण्याआधी नीट वाचून दाखव. पुष्कळदा 'हप्ते' म्हणजे एखाद्या फायनान्स कंपनीचं पप्पांच्या नावावरचं कर्ज असतं. मग तू क्लास सोडलास तरी हप्ते थांबत नाहीत. बागेनं दोन हंगाम दगा दिलेल्या घरावर हे ओझं नको.

आणि हे तूच कर, कॉमर्सची आहेस. चाळीस मुलं गुणिले 68 हजार म्हणजे 27 लाख 20 हजार. अशा खासगी शिकवणीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. म्हणजे बॅच खरंच 40 जणांची असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की संस्थेचं कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. तुझ्या पाच हजारांच्या पावतीवर हा क्रमांक आहे का? नसेल तर एक तर बॅच चाळीसची नाही, किंवा हिशोब सरळ नाही. 68 हजारांत कर धरला आहे की वरून 12 हजार 240 लागणार, हेही विचार.

पाच हजार परत मागायला लाजू नकोस. साध्या कागदावर अर्ज लिही: अमुक तारखेला पावती क्रमांक अमुकनं पाच हजार भरले, अभ्यासक्रम सुरू झालेला नाही, प्रवेश घ्यायचा नाही, रक्कम परत मिळावी. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पोस्टाची पावती जपून ठेव. 'परत मिळणार नाही असं फॉर्मवर लिहिलंय' म्हणतील. म्हणू दे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बऱ्याचदा तक्रारीचा क्रमांक आला की बोलण्याचा सूर बदलतो. सगळे मिळतील असं वचन मी देत नाही. मात्र पाच हजार अडकले म्हणून आणखी 63 हजार घालायचे नाहीत, एवढं घरात सगळ्यांनी पक्कं करा.

टायपिंगच्या फीलाही मदत मिळू शकते. बार्टी, सारथी, महाज्योती, अमृत या शासनाच्या संस्था वेगवेगळ्या समाजघटकांतल्या मुलांसाठी कौशल्य प्रशिक्षणाच्या योजना चालवतात. तुझ्या प्रवर्गाला लागू असणाऱ्या संस्थेची चालू जाहिरात शोध आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. सेतूत गर्दी निकालानंतर वाढते.

मावशीकडे राहा. रोज वणी-नाशिक करण्यात जीव दमेल आणि सरावाचा तास बुडेल. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा शनिवारी घरी जाणं परवडेल. क्लास निमाणीच्या आसपास बघ, म्हणजे मावशीकडून चालत जाता येईल. फी भरण्याआधी क्लासला परीक्षा परिषदेचा संस्था क्रमांक विचार, एक तास मागच्या बाकावर बसून बघ, आणि तासाला प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळतं का, की दोघांत एक, हे नक्की विचार.